मेलेली बाटली

लस उन्हानं मरते हे कुणालाही पटतं. घटसर्पाची लस बर्फानंही मरते असं सांगितलं, की माणसं आपली थट्टा चाललीय अशा चेहऱ्यानं बघतात. आणि मेल्यावर ती काही काळीनिळी पडत नाही. पाणी तसंच दुधाळ, बूच तसंच घट्ट, चिठ्ठी तशीच चिकटलेली. पोराच्या मांडीत सुई जाते, पोर बोंबलतं, आई सुटल्यासारखी घरी जाते, आणि आत कामाचं काहीच गेलेलं नसतं. वहिनीच्या कोठारातून अकरा वर्षांत अशी एकही बाटली बाहेर पडली नव्हती. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. जरा जास्तच सांगायची.

तिला वहिनी म्हणायचा खरा हक्क एकट्या ड्रायव्हरचा, कारण तो तिचा धाकटा दीर. पण त्यानं दिवसभर अंगणातून 'वहिनी, वहिनी' असा घोष लावल्यामुळं कोठारातले हमालही तिला वहिनी म्हणायला लागले आणि शेवटी मोठे साहेबसुद्धा. जगभरातून मुलांसाठी येणारं सामान इथं उतरायचं. लशी, सलाइन, वाळलेल्या पोरांसाठी शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं, पाणी साफ करायच्या गोळ्या. त्यातली लशींची खोली वहिनीची. तिथं तिचा शब्द शेवटचा.

तिचं एक काम बघायला लोक मुद्दाम थांबत. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक ती तसेच पेटीत भरायची नाही. टेबलावर ओळीनं मांडायची आणि त्यांना घाम फुटायची वाट बघायची. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायची. आत पाणी खळखळलं, तर तो भरायला तयार. मुका राहिला, तर परत टेबलावर. मुका पॅक लशीला चिकटला की लस गोठलीच म्हणून समजा. या सगळ्याला पाऊण तास लागायचा. दीर दारात उभा राहून म्हणायचा, "वहिनी, बर्फाशी गप्पा झाल्या असतील तर निघू का? की त्याच्या सासरची खुशाली विचारायची राहिलीय?"

दुसरी सवय मेलेल्या बाटलीची. प्रत्येक खेपेतली एक बाटली ती आदल्या दिवशी मुद्दाम गोठवायची, वितळू द्यायची, तिच्यावर लाल पेनानं फुली मारायची आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायची. वाटेत शंका आलीच, तर संशयातली बाटली आणि ही मेलेली बाटली एका मुठीत धरून हलवायच्या आणि टेबलावर ठेवून बघत बसायचं. जिवंत लस दुधाळच राहते. मेलेलीचा चोथा भराभर तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. इतक्या वर्षांत ती बाटली एकदाही रुमालातून बाहेर काढावी लागली नव्हती. तरी गाडी सुरू करताना दीर विचारायचाच, "मेलेली घेतलीस?"

त्या दिवशी सकाळी त्यानं ते विचारलं नाही. पहिला तोफगोळा शेजारच्या पिठाच्या गोदामावर पडला आणि सगळं अंगण पांढरं झालं. दुसरा फाटकावर पडला. फाटकावरचे पहारेकरीकाका नेहमीसारखे खुर्चीत बसले होते. धुरळा बसला तेव्हा खुर्ची रस्त्यात उलटी पडलेली होती, काकांचं कमरेखालचं शरीर तिच्यापाशी होतं, आणि बाकीचं भिंतीपाशी. वहिनीनं ते खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या गोळ्यानं ती खिडकीच आत आली.

पॅक टेबलावर मांडून तेव्हा दहा मिनिटं झाली होती.

दीर धावत आला. त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या. काकांना उचलता येईल असं त्याला वाटलं होतं. त्याचे ओठ हलत होते, पण वहिनीला काहीच ऐकू येत नव्हतं. कानात नुसती शिट्टी वाजत होती. त्यानं तिच्या दंडाला धरून हलवलं आणि बोटानं पेटी दाखवली. भर. चल.

तिनं सवयीनं पहिला पॅक कानाशी नेला. शिट्टी. दुसरा नेला. शिट्टी. कान बहिरे झाले होते हे खरं, पण बोटं बहिरी नव्हती. पॅक कोरडा ठाक होता, आणि इतका थंड की बोटाची कातडी त्याला चिकटत होती. घामाचा टिपूससुद्धा नव्हता. खाली तळघर होतं. पेटी घेऊन तिथं अर्धा तास बसता आलं असतं. रस्ता दुपारपर्यंत उघडा राहणार होता आणि अजून उजाडून फार वेळ झाला नव्हता. हे सगळं तिला त्या क्षणी कळत होतं, मागाहून सुचलेलं नव्हतं. पण भिंतीपाशी काका होते, आणि तिला त्या इमारतीत आणखी एक मिनिटही राहायचं नव्हतं. तिनं कोरडे पॅक पेटीच्या चारी बाजूंना लावले, मधे लशीचे खोके रचले, आणि सगळ्यात वर ते छोटं कार्ड ठेवलं. आतला माल तासभर शून्याखाली राहिला, तर त्या कार्डावरची बरोबरची खूण जाऊन तिथं फुली येते. मग तिनं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

छावणीला निघालेली गाडी शहराबाहेर पडली. हळूहळू कानातली शिट्टी विरली. तेव्हा दीर म्हणाला, "काकांच्या घरी कोण सांगणार?"

"संध्याकाळी आपण जाऊ, भाऊजी."

"या आठवड्यात छावणीत घटसर्पानं नऊ पोरं गेली. दवाखान्यातली सिस्टर फोनवर रडत होती." त्यानं नाक पुसलं. "आज मात्र आपण वेळेत आहोत."

वेळेत हा शब्द त्याच्या तोंडून आला, की वहिनी दुसरीकडं बघायची. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी घटसर्पानं गेली. गळ्यात पांढरा पडदा धरला आणि चौथ्या दिवशी बापाच्या मांडीवर ती गुदमरली. लस अकरा दिवसांनी आली. त्यानंतर त्यानं साखरेच्या ट्रकवरची नोकरी सोडली आणि वहिनीच्या कोठारात आला. पेटीबाबत ती सांगेल ते त्याला देवाचं वाक्य. झाकण पोचेपर्यंत उघडायचं नाही, हा नियम तिनंच त्याला पहिल्या दिवशी सांगितला होता. एखाद मिनिट उघडलं तर फारसं बिघडत नाही, हे सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर लोकांना नियम सैल करून सांगू नये, असं तिचं मत होतं.

दोन तासांनी पुलाच्या अलीकडं रस्त्यावर आडवी टाकलेली पिंपं दिसली. चार बंदूकवाले. त्यांचा पुढारी काळा गॉगल लावून खोक्यावर बसला होता आणि संत्रं सोलत होता.

"मागं काय?" गॉगलवाल्यानं विचारलं.

"पोरांची लस, साहेब," दीर खाली उतरून म्हणाला. "कागद हे बघा. सही, शिक्का, सगळं आहे. माझा फोटो तेवढा नवरदेवासारखा आलाय, तो मनावर घेऊ नका."

एकजण हसला. गॉगलवाला हसला नाही. "पेटी उघड."

"उघडता येत नाही, साहेब. गरम हवा लागली की औषध मेलं."

"मागच्या महिन्यात अशीच एक पांढरी पेटी आली होती," गॉगलवाला संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाला. "तिच्यावरही पोरांची चित्रं होती. आमच्या माणसांनी झाकण उचललं आणि तिघं उडाले. गोळा करायला आम्हाला बादली लागली. म्हणून आता आम्ही हात लावत नाही. तू उघड. आम्ही लांब उभे राहतो."

"किल्ली माझ्याकडं नाही. छावणीतल्या सिस्टरकडं असते."

वहिनीच्या कमरेला किल्ली रुतत होती. दीर तिच्याकडं बघतही नव्हता, आणि ते तो मुद्दाम करत होता. बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. तो गुडघ्यावर गेला, त्यानं लाल थुंकी टाकली, तिच्यात दात होता. दुसरा दस्ता पाठीत बसला. मग दोघांनी त्याला ओढत गाडीपाशी आणलं, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि डाव्या हाताची करंगळी दाराच्या फटीत धरली.

"तीन माणसं गेली माझी," गॉगलवाला म्हणाला. "एकेकासाठी एकेक बोट. उघडतोस?"

"साहेब, आत पोरांचं—"

दार आपटलं. तो आवाज वहिनीनं शेजारच्या सीटवर बसून ऐकला, आणि दिराचा आवाज त्याच्यामागून आला. असा आवाज तिनं मुलगी गेली त्या दिवशीसुद्धा त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

आता बोलायचं. किल्ली काढायची आणि म्हणायचं, उघडते. एका मिनिटाचा प्रश्न होता. पण तिची दातखीळ बसली होती. आपण बोललो तर दीर खोटा पडेल आणि त्याला गोळी घालतील, असं तिनं मनाशी म्हटलं. तेही खरं होतं. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला लख्ख दिसत होती. झाकण उघडलं की वरच कार्ड होतं. दोन तास झाले होते. कार्डावर काय आलं असेल ते तिला ठाऊक होतं, आणि दीर बघेल ही भीती तिला बंदुकीपेक्षा मोठी वाटत होती. माणूस इतका हलकट असू शकतो. तीही त्या दिवशी तेवढी हलकट झाली.

"उघडतोस?"

"किल्ली नाही, साहेब. आईशप्पथ नाही."

दार पुन्हा आपटलं. या वेळी त्याला ओरडताही आलं नाही, नुसता श्वास अडकला. पत्र्यावरून रक्ताचा ओघळ खाली आला. तिसऱ्या बोटाच्या वेळी त्यानं डोळे मिटले आणि पुटपुटत राहिला, "उघडायचं नाही, उघडायचं नाही." तो कुणाला सांगत होता कोण जाणे. दार आपटलं. हाड मोडल्याचा आवाज आला. दीर खाली कोसळला, आणि गॉगलवाल्यानं पिस्तूल काढून त्याच्या कपाळाला लावलं.

"माझ्याकडं आहे!" वहिनी किंचाळली. "किल्ली माझ्याकडं आहे! मी उघडते!"

ती मागं गेली. सगळे बंदूकवाले पिंपांच्या आड झाले. तिनं कुलूप काढलं, झाकण उचललं. वर कार्ड होतं. फुली. तिनं ते मुठीत घेतलं आणि मूठ पदरात घातली. कुणाचंही लक्ष नव्हतं; सगळे पेटी उडायची वाट बघत होते.

पेटी उडाली नाही. गॉगलवाला हळूच जवळ आला, बंदुकीच्या नळीनं खोके चाळवले, वाकून वास घेतला. "बंद कर," तो म्हणाला. पुरतं मिनिटही झालं नव्हतं. "एवढंच होतं तर आधीच उघडायचं ना, बाई."

तिनं पदर फाडून दिराचा हात बांधला. बोटं कातडीला लोंबत होती. तिनं म्हटलं, "भाऊजी, इथंच थांबू, कुणाची तरी गाडी येईल." त्यानं मान हलवली आणि स्टिअरिंगवर चढून बसला. उजवा हात शाबूत होता, पाय शाबूत होते. गिअरचा हात मात्र गेला होता.

"दांडा धर," तो म्हणाला. "मी क्लच दाबला की सांगतो तसा टाक. पहिला, डावीकडं वर."

गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा हिसका देऊन निघाली. पूल ओलांडला. "दुसरा. सरळ खाली." तिनं टाकला. खर्रर्र असा आवाज झाला. "वहिनी, गाडी आहे ती, खलबत्ता नाही," तो म्हणाला, आणि दुखण्यानं त्याचे डोळे पांढरे झाले. ती हसली नाही आणि रडलीही नाही. डाव्या मुठीतलं कार्ड तळव्यात घुसत होतं.

बराच वेळ गेला.

"तू उघडायला नको होतंस," तो म्हणाला. "बोटं गेलीच होती. आता माल बिघडला तर?"

"एका मिनिटानं काही होत नाही, भाऊजी."

त्यानं समोरचा खड्डा चुकवला. मग म्हणाला, "होत नाही?"

"नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"घाबरले," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "घाबरणारच. तिसरा टाक."

त्यानं ते खरं मानलं. त्यानं शिवी दिली असती तर तिला सोसलं असतं.

एरवी तासाभराचा उरलेला रस्ता त्या गाडीनं तीन तासांत संपवला. छावणीत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दवाखान्याच्या तंबूबाहेर आया बसल्या होत्या, दीडदोनशे तरी. आतल्या खाटेवर एक चारेक वर्षांची पोरगी श्वास घेत होती. पत्र्यावर करवत ओढावी तसा आवाज येत होता. दिरानं तो आवाज ऐकला आणि दाराशीच खाली बसला. सिस्टर त्याच्या हाताकडं धावली. तो म्हणाला, "आधी पोरांचं बघा. हात कुठं पळून जात नाही."

सिस्टरनं तरीही त्याला सुई दिली, पट्टी बांधली. मग पेटी उघडली. आतापर्यंत पॅक वितळले होते, आणि बाटल्या कशा दिसाव्यात तशाच दिसत होत्या. पांढऱ्या, स्वच्छ, जिवंत.

"कार्ड दिसत नाही," सिस्टर म्हणाली.

"घाईत राहिलं," वहिनी म्हणाली.

"असू दे. तुमचा माल म्हणजे काय बघायचं." सिस्टरनं कडेचा खोका उचलला, बाटली फोडली, सिरिंज भरली. पहिल्या बाईनं मांडीवरच्या मुलाची चड्डी वर सरकवली. मूल आतापासूनच भोकाड पसरून तयार होतं. सिस्टरनं कापसानं मांडी पुसली.

खाटेवरची करवत थांबली. एक क्षण, दोन क्षण. मग पुन्हा सुरू झाली.

"थांबा!" वहिनी म्हणाली. ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की मूल रडायचं विसरलं. तिनं मूठ उघडली. तळव्यात रक्त आणि त्यात ते कार्ड होतं. "फुली आहे. पुलापाशीच दिसली होती मला. हे टोचू नका."

सिस्टरनं सिरिंज खाली ठेवली. वहिनीनं पर्समधून रुमाल काढला, मेलेली बाटली काढली आणि कडेच्या खोक्यातली एक बाटली घेतली. दोन्ही एका मुठीत धरायला गेली, तर तळव्यातल्या रक्तानं बाटल्या निसटायला लागल्या.

"इकडं दे," दीर म्हणाला. तो उठून टेबलापाशी आला होता. त्यानं उजव्या हातात दोन्ही बाटल्या धरल्या, हलवल्या आणि टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. कशा हलवायच्या ते त्याला कधी शिकवलं नव्हतं. वहिनीच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

सगळे बघत उभे राहिले. लाल फुलीच्या बाटलीत चोथा खाली बसू लागला. शेजारच्या बाटलीतही बसू लागला. थोड्या वेळानं दोन्हींच्या वरच्या भागात नितळ पाणी होतं, आणि कुठली कुठली ते फक्त फुलीवरून ओळखता येत होतं.

मग त्यांनी एकेक रांग तपासली. त्यात दुपार गेली. पॅकांना लागून असलेले सगळे खोके मेलेले निघाले. अगदी मधल्या दोन रांगा दुधाळच राहिल्या. त्या तेवढ्या जिवंत. सिस्टरनं मोजून सांगितलं, तीन वर्षांखालच्या पोरांना पुरेल, बाकीच्यांनी परत जायचं. एका बाईचा मुलगा पाच वर्षांचा होता. तिनं आधी सिस्टरला विचारलं, मग वहिनीला विचारलं, आणि उत्तर कळल्यावर वहिनीच्या थोबाडीत दिली. एक, मग दुसरी. वहिनीनं हात वर केला नाही. दिरानंही बाईला अडवलं नाही.

आया पांगल्या. तंबूत टोचलेल्या पोरांची रडारड चालू होती, आणि ती ऐकायला बरी वाटत होती. दीर पेटीवर बसला होता, पट्टीतला हात छातीशी धरून. बेरीज करायची झाली की तो नेहमी बोटं मोडायचा. आता त्यानं तसा हात उचलला, पट्टीकडं बघितलं आणि परत ठेवला.

"पॅकना किती वेळ दिला होतास?"

"दहा मिनिटं."

"आणि लागतो किती?"

त्याला ते तोंडपाठ होतं. अंगणात उभं राहून त्यानंच शंभरदा मोजलं होतं. "पंचेचाळीस," वहिनी म्हणाली.

"पस्तीस मिनिटं," तो म्हणाला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. "तीन बोटं. म्हणजे बोटाला बारा मिनिटंही आली नाहीत."

ही त्याची थट्टा होती की काय, तिला कळेना. ती त्याच्या पायाशी खाली बसली. "भाऊजी, तळघर होतं. मी थांबू शकले असते. पुलापाशी मी घाबरले म्हणाले, ते बंदुकीला नाही. तुम्ही फुली बघाल म्हणून."

खाटेवरची करवत चालूच होती.

"सिस्टर म्हणते, उरलेल्या पोरांसाठी परवा पुन्हा खेप आणावी लागेल," तो शेवटी म्हणाला. "गाडी दुसरा कुणीतरी चालवेल. मी शेजारी बसेन. आणि निघायच्या आधी पॅक मी ऐकणार. तुम्ही नाही."

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून त्यानं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिनं कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या उजव्या हातात ठेवली.